कपाटाखालचे चार ठोकळे

४ फेब्रुवारी

आज आलेले सामान: कडक लाकडाचे ठोकळे, नग चार, साडेतीनशे. कपड्याचा साबण, एकशे ऐंशी. यांच्या पोटाचे औषध, एकशे दहा. बटाटे, साठ, पैकी तीन किडके, उद्या परत करणे.

सुतार चारशेवर अडून बसला होता. मी म्हटले, लाकूड आमच्याच जुन्या दाराचे, तू फक्त करवत चालवलीस. तो म्हणाला, "बाई, तुम्ही सरकारात असता तर देशाचा निम्मा खर्च वाचला असता." मी म्हटले, सरकारात आमचे हे आहेत, आणि खर्च वाचवायला त्यांना तिथे ठेवलेले नाही.

ठोकळे सासूबाईंच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाखाली बसवले. त्या खोलीची जमीन उतरती. कुणी शिंकले तरी कपाट डुलायचे आणि दार आपोआप उघडायचे. आता हलत नाही. चारींची उंची सूतभर कमीजास्त, म्हणून प्रत्येकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले: पुढचा उजवा, मागचा डावा भिंतीकडचा, वगैरे. सासूबाईंनी कपाट दोन्ही हातांनी ढकलून पाहिले आणि म्हणाल्या, "या घरात एक तरी गोष्ट जागेवर राहिली." टोमणा मला की त्यांच्या लेकाला, ते विचारले नाही.

९ फेब्रुवारी

आमचे हे लष्कराच्या चाकांच्या गाडीवर लेझर बसवण्याच्या कामावर आहेत. आकाशात शत्रूचे ड्रोन आले की गाडीवरून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि ते जाळून पाडायचे. हे काम गुप्त आहे. इतके गुप्त की इस्त्रीवाल्याला फक्त गाडीचा रंग माहीत आहे.

आज सगळे विभाग तपासणीत पास झाले. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून सांगितले. त्यांचे यजमान लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचे प्रमुख, म्हणून मी त्यांना मनात गारवावहिनी म्हणते. "आमच्यांच्या विभागाला शंभरपैकी शंभर," म्हणाल्या. आणि मग, अगदी सहज, "तुमच्यांच्या विभागाचं काय झालं हो?"

हे आले ते तोंड पाडून. मी चहा पुढे ठेवला आणि म्हटले, "सगळे पास झाले ना? मग चेहरा असा का?"

"गारवा तपासला तेव्हा गाडी उभी होती. गाडी खड्ड्यांतून पळवली तेव्हा लेझर बंद होता. लेझर पेटवला तेव्हा तो गाडीवर नव्हता, टेबलावर होता. धूळ उडवून पाहिली तेव्हा काचेवर झाकण होतं."

"झाकण कशाला?"

"काच महाग आहे."

"मग हे सगळं एकत्र कधी तपासायचं?"

"ते माझं खातं," हे म्हणाले. "जोडणी."

म्हणजे सगळ्यांनी आपापली पोरे वेगवेगळ्या खोल्यांत शहाणी ठरवली आहेत, आणि त्यांना एका घरात नांदवायचे काम आमच्याकडे. देवापुढे बसले तेव्हा यांच्यासाठी थोडे जास्त मागितले.

१० फेब्रुवारी

बटाटे बदलून आणले. बदललेल्यांतही एक किडका.

२१ फेब्रुवारी

आज पोरे एका घरात नांदली. सकाळी गेले तेव्हा यांचा सदरा इस्त्रीचा होता, आले तेव्हा पोतेरे.

मी दहावी झालेली, तरी यांनी समजावले आणि मला समजले, म्हणजे फार अवघड नसावे. झोत ड्रोनवर एका नाण्याएवढ्या जागी काही क्षण स्थिर राहिला तरच भोक पडते. झोतापेक्षा लेझरची उष्णताच जास्त, म्हणून त्याला सतत थंड ठेवावे लागते. थंड करणारे यंत्र कपाटाएवढे, ते गाडीच्या पाठीवर. ते चालले की थरथरते. गाडी हवेच्या स्प्रिंगांवर, म्हणून ती डुलते. गाडी डुलली की झोत डुलतो, आणि एका जागी भोक पडण्याऐवजी सबंध ड्रोन हळूहळू कोमट होतो. यंत्र बंद केले तर झोत एकदम स्थिर, पण मग लेझर तापतो आणि स्वतःहून विझतो.

"थंडीत ड्रोनला बरं वाटलं असेल," मी म्हटले. हे हसले नाहीत.

गारवा विभाग म्हणाला, थरथर आमची असेल, पण डुलणे स्प्रिंगांचे. स्प्रिंगवाले म्हणाले, स्प्रिंग डुलायलाच असते, तुम्ही यंत्र एवढे जड का केले. वीजवाले म्हणाले, आम्ही वीज दिली. काचवाले जेवायला गेले होते.

खरा उपाय यांना ठाऊक आहे. यंत्राला वेगळा झुलता पाळणा हवा, आणि झोत वळवणाऱ्या आरशाला डुलण्याच्या उलट हलणारी बैठक. दीड वर्ष लागेल. मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना प्रात्यक्षिकासाठी ५ मार्चचा दिवस दिला आहे.

जेवताना यांनी एकाएकी विचारले, "तुझ्या भावाचं पत्र आलं का? हल्ली कुठल्या तुकडीत आहे तो?"

माझा धाकटा भाऊ, घरातले शेंडेफळ, सैन्यात आहे. लग्न झाल्यापासून यांनी त्याची चौकशी एकदाच केली होती: तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा, परत कधी जाणार म्हणून. आज ही आपुलकी पाहून मला भरून आले. तुकडीचे नाव सांगितले. यांनी भात तसाच ठेवला आणि उठले. पोटाचे औषध लागू पडलेले दिसत नाही.

३ मार्च

"अगं, ते कपाटाखालचे ठोकळे दोन दिवस देशील?"

मी म्हटले, कशाला. म्हणाले, गाडीच्या स्प्रिंगांतली हवा सोडली की तिचे अंग खाली बसते. चारी कोपऱ्यांत ठोकळे सरकवले तर ती त्यांच्यावर टेकेल, मग स्प्रिंग डुलायचा प्रश्न नाही. कारखान्यातले लाकूड मऊ आहे, दाबाखाली चिरडते. आमचे कडक आणि मापाचे.

"फक्त पाहुणे जाईपर्यंत," म्हणाले. "नंतर पाळण्याचं काम सुरू करायचंच आहे."

मी म्हटले, "न्या. पण पावती आणा."

"लाकडाची?"

"तुमच्या कचेरीत टाचणीचीही पावती असते. मागे दिलेली शिडी अजून परत आलेली नाही."

संध्याकाळी खरेच पावती घेऊन आले. कोठाराच्या कारकुनाने यांना फाटकावरच अडवले होते: नोंद क्रमांक नसलेली वस्तू आत येत नाही. मग त्याने क्रमांक दिला, चारी ठोकळ्यांवर कोरला, आणि लिहून दिले: "लाकडी ठोकळे, नग चार, क्रमांक ४४१७. मालकीण: जोडणीप्रमुखांच्या पत्नी. तात्पुरते, परतीच्या बोलीवर." खाली शिक्का. शिक्का सरळ मारलेला. त्या कचेरीत एक तरी माणूस नीट काम करतो हे कळून समाधान वाटले. पावती देवाच्या फोटोमागे ठेवली.

कपाट पुन्हा डुलते आहे. सासूबाई म्हणाल्या, "देशासाठी एवढं सोसायलाच हवं." आणि पाठ करून झोपल्या.

५ मार्च

देव पावला. हे आनंदात आले आणि जेवता जेवता सगळे सांगितले.

गाडी धूळ उडवत दिमाखात आली. (काचेवर झाकण.) थांबली. स्वच्छ गणवेशातली चार माणसे टुणकन उतरली, ठोकळे सरकवले, हवा सुटली, गाडी कोंबडीसारखी खाली बसली. ड्रोन एका उंच खांबाला घट्ट बांधलेला, वाऱ्याने हलू नये म्हणून. शत्रूही आपले ड्रोन खांबाला बांधूनच पाठवत असणार. झोत सुटला, ड्रोनला भोक पडले, धूर आला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

एका पाहुण्याने विचारले, ही माणसे खाली काय करत होती. मोठे साहेब म्हणाले, "स्थिरीकरण प्रणाली."

मी आपली त्यांना ठोकळे म्हणत होते.

६ मार्च

रेडिओवर बातमी. "धावत्या गाडीवरून अचूक मारा." मी यांच्याकडे पाहिले. हे रेडिओकडे पाहत होते. "धावत आली होती ना," मी म्हटले, "मग काय खोटं आहे त्यात."

रेडिओची बॅटरी संपत आली आहे. नवीन आणायची की नाही, ठरवायचे.

१९ मार्च

ठोकळे परत आले नाहीत. दोन दिवस म्हणजे कचेरीचे दोन दिवस असावेत.

आज छडा लावला. ठोकळ्यांना हिरवा रंग दिला आहे. गाडीच्या सामानाची छापील यादी निघाली, त्यात ज्याला ज्याला क्रमांक होता ते सगळे आले: "४४१७, स्थिरीकरण घटक, नग चार." नियम असा की यादीतली एकही वस्तू कमी असली तर गाडी कामगिरीवर निघत नाही. म्हणजे आता लेझर नसला तर एक वेळ चालेल, ठोकळे हवेत.

"आणि पाळणा? आरशाची बैठक?" मी विचारले.

"साहेब म्हणाले, स्थिरीकरण तर झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ती पावती मागितली नसतीस तर..." आणि थांबले.

वाक्य अर्धवट सोडायची यांची जुनी सवय. पावती मागितली नसती तर ठोकळे एव्हाना कुणाच्या तरी बंबात गेले असते, हेच म्हणायचे असणार. मी म्हटले, "आभार मानायची गरज नाही."

२ एप्रिल

आनंदाची बातमी: यांना बढती. आता हे कारखान्याचे उपप्रमुख, जोडणीही यांच्याकडेच. पदकही मिळणार आहे. गारवावहिनींनी कुंपणावरून अभिनंदन केले, ते करताना त्यांच्या दाढा दिसल्या नाहीत.

गाडी सीमेवर रवाना झाली. एकुलती एक तयार झालेली, तीच गेली. हे तिला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "शेंडेफळाचं काही पत्र?"

इतकी माया मेव्हण्यावर. माणूस बढतीने मऊ होतो म्हणतात, ते खरे असावे. पण जेवले नाहीत. खोलीत बसून काहीतरी लिहीत होते, फाडत होते. चांगले कागद, एका बाजूने कोरे. मी गोळा करून ठेवले, वाणसामानाच्या यादीला होतील. एकावर ओळ होती: "सदर ठोकळे केवळ प्रात्यक्षिकापुरते वापरण्यात आले होते." पुढे खाडाखोड.

२३ एप्रिल

शेंडेफळाचे पत्र आले. कधी नव्हे ते लांबलचक. इथे उतरून ठेवते.

"ताई, मला नव्या गाडीवर घेतलंय. भाऊजींना सांग, त्यांच्याच कारखान्याची आहे. आत बसणाऱ्यांचे हाल आहेत, नुसती भट्टी. मी नशीबवान, माझं काम बाहेरचं. शिट्टी झाली की उतरायचं, चार हिरवे ठोकळे चार कोपऱ्यांत सरकवायचे आणि ओरडायचं, 'बसवा'. मग गाडी खाली बसते. मारा झाला की ती परत फुगेपर्यंत थांबायचं आणि ठोकळे काढायचे. सरावात मी सगळ्यांत चपळ निघालो म्हणून मलाच दिलं. एक गंमत. गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय: 'घटक तीन, मागचा डावा, भिंतीकडचा.' इथे भिंत कुठली, उघडा माळ आहे. आम्ही तुकडीप्रमुखांना विचारलं. त्यांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की पुस्तिकेप्रमाणे करावे. मग आम्ही चार पोती रचून भिंत केली. काल ठोकळा उलटा केला तर खाली, रंग न लागलेल्या बाजूला, पेन्सिलीने तेच लिहिलेलं, आणि अक्षर थेट तुझं. मी एवढा हसलो की सगळे विचारायला लागले. तुझं अक्षर आहे म्हटल्यावर आता मी त्यांना कुणाला हात लावू देत नाही."

मला इतका आनंद झाला. मोकळ्या हवेतले काम, हलके, आणि घरचे लाकूड हाताशी. सासूबाईंना वाचून दाखवले. हे आले तेव्हा यांनाही मोठ्याने वाचून दाखवले. भिंतीच्या गोष्टीला मी पुन्हा हसले.

हे हसले नाहीत. कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसला नाही.

"अगं," म्हणाले, "शिट्टी कधी होते माहीत आहे का? ड्रोन दिसला की. तेव्हा सगळे गाडीच्या आत असतात. पोलादाच्या आत. तो एकटा बाहेर असेल."

मी पत्राची घडी घातली.

"आणि मारा चालू असताना गाडी पळू शकत नाही. हवा भरायला वेळ लागतो. एक ड्रोन पडेल. ते एकएकटे येत नाहीत."

हिशेब आज लिहिला नाही.

२५ एप्रिल

काल दिवसभर मी यांच्याशी बोलले नाही. आज बोलले.

"ठोकळे तुम्ही लावलेत."

"दोन दिवसांसाठी लावले होते."

"मग तसं सांगा जाऊन."

"तीनदा लिहून दिलंय. पहिल्या कागदावर शेरा आला, 'सर्व विभाग उत्तीर्ण असताना त्रुटी कोणती?' दुसरा स्प्रिंगवाल्यांकडे गेला, तिसरा गारव्याकडे. ते एकमेकांना पाठवताहेत."

"आणि बढती?"

"ती मात्र कुठे अडकली नाही."

तेव्हा मला उमगले की फेब्रुवारीपासून हे शेंडेफळाची चौकशी का करत होते. गाडी त्याच्या तुकडीला जाणार हे यांना ठाऊक होते, आणि मी आपुलकी समजून देवाला साखर ठेवली होती. मनात आले तसे बोलले: "तुमची माया फार महागात पडली."

हे म्हणाले, "बोल. तेवढा अधिकार आहे तुला."

भांडायला समोर कुणी उभेच राहिले नाही तर भांडणार तरी कसे.

३० एप्रिल

मोठे साहेब घरी आले. आजपर्यंत कधी आले नव्हते. बसायच्या खोलीत रंगाचे काम चालू आहे, म्हणून सासूबाईंच्या खोलीत कपाटाशेजारी खुर्ची दिली. मी चहा केला, साखर बेताची.

"वहिनी, तुम्हीच समजवा यांना," साहेब म्हणाले. "तोंडाशी आलेलं पदक आहे. कशाला चिठ्ठ्या लिहीत बसतात?"

"सीमेवर मुलगा एकटा गाडीबाहेर उभा राहतो म्हणून," हे म्हणाले.

"अहो, प्रशिक्षित सैनिक आहे तो. आणि यंत्रणा सिद्ध झालेली आहे. तुम्हीच सिद्ध केलीत. अहवालावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग झालं तर. या देशात एखादी गोष्ट पक्की बसवायला किती..." एवढ्यात कपाट हलले, आणि साहेबांच्या मागे दार आपोआप, सावकाश, पूर्ण उघडले. आतून सासूबाईंची लोकरीची शाल त्यांच्या खांद्यावर पडली.

"हे असं का होतं?" साहेबांनी विचारले.

"स्थिरीकरण प्रणाली सीमेवर गेली आहे," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. निघताना दारात यांना हळूच म्हणाले, पण मला ऐकू आले, "यादीतली वस्तू मी काढू शकत नाही. कोणीच काढू शकत नाही. तिची मालकी आपल्या कोठाराची आहे, झालं."

साहेब गेल्यावर मी म्हटले, "कोठाराची कशी? माझी आहे."

मी देवाच्या फोटोमागून पावती काढली.

१ मे

हे सकाळीच कोठारात गेले. कारकुनाने पावती वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली आणि म्हणाला, परतीच्या बोलीवरची वस्तू मालकाने मागितली तर द्यावीच लागते, ती कुठेही असो. फक्त मागणी मालकाच्या हस्ताक्षरात हवी. आणि जोडणीप्रमुखाचा शेरा हवा, की सदर वस्तू मागे घेतल्यास यंत्रणेवर काय परिणाम होतो.

तो शेरा काय असणार, हे मला यांच्या चेहऱ्यावर दिसले. वस्तू मागे घेतली तर गाडी मारा करू शकत नाही. म्हणजे ५ मार्चला यांनी जे दाखवले ते माझ्या कपाटाचे ठोकळे होते, आणि बाकी काही नव्हते. हे स्वतःच्या हाताने लिहायचे, सही करायची आणि वर पाठवायचे.

"विचार करा," मी म्हटले. मला म्हणायचे नव्हते, पण म्हटले. एवढ्या वर्षांनी यांचे नाव झाले होते.

"विचार फेब्रुवारीत करायला हवा होता," हे म्हणाले. "कागद दे. कोरा. एका बाजूने लिहिलेला नको."

मी लिहिले: "माझे चार ठोकळे, क्रमांक ४४१७, दोन दिवसांसाठी नेले होते. घरातले कपाट डुलते. तरी ते ताबडतोब परत मिळावेत." शेंडेफळाचे नाव घातले नाही. हे म्हणाले, माणसाचा उल्लेख आला की कागद दुसऱ्या विभागाकडे जातो.

यांनी खाली आपला शेरा लिहिला. एकदाही खाडाखोड केली नाही.

६ मे

हुकूम सुटला. ठोकळे मालकिणीला परत करावेत. यादी अपुरी झाल्याने गाडी कामगिरीवरून मागे घ्यावी. टपालाच्या गाडीने सीमेवर रवाना. बिनतारी संदेशाने का नाही, असे मी विचारले. कोठाराचा कागद टपालानेच जातो म्हणे.

यांची बढती गेली. पदकाचे कुणी काही बोलत नाही. आता हे मागच्या खोलीत एका टेबलाशी बसतात, तिथे पाळण्याचे चित्र काढतात. दीड वर्षाचे काम, आणि ते करा म्हणून कुणी सांगितलेले नाही. पोटाचे औषध गेल्या चार दिवसांत घेतले नाही, दुखतही नाही म्हणतात. एकशे दहा वाचले.

गारवावहिनी आज कुंपणापाशी आल्या. काही टोचून बोलतील म्हणून मी तयारीत होते. म्हणाल्या, "आमचे हे रात्री झोपत नव्हते हो. त्यांनाही माहीत होतं." आणि भोपळ्याच्या बिया देऊन गेल्या.

११ मे

रेडिओची नवी बॅटरी आणली, नव्वद. विचार केला नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत सीमेच्या त्याच भागाचे नाव आले. काल तिथे ड्रोनचा थवा आला होता. "आपल्या नव्या प्रकाशास्त्राने धावत्या गाडीवरून चोख उत्तर दिले."

हे आणि मी दोघेही तिथेच उभे राहिलो. रेडिओ पुढे हवामान सांगत होता.

हुकूम वेळेत पोचला असेल तर गाडी मागे निघाली असेल, आणि तिने कुणाला उत्तर दिले नसेल. उत्तर दिले असेल तर ती खाली बसली असेल. बसली असेल तर तिला कुणीतरी बसवले असेल.

"धावत्या गाडीवरून म्हणाला," मी यांना म्हटले. "ते तर खोटंच आहे. मग बाकीचंही खोटं असेल."

"असेल," हे म्हणाले.

रेडिओ खोटा निघावा, अशी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदा केली. सासूबाईही शेजारी येऊन बसल्या, त्या एरवी संध्याकाळी बसत नाहीत.

१२ मे

शेंडेफळाला पत्र टाकले. नक्कल ठेवते.

"चि. शेंडेफळास ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाऊजींचे पोट बरे आहे. कोठाराचा कागद तुमच्याकडे आला असेल, नसेल तर येईल. तो आला की ठोकळ्यांना हात लावू नकोस, ज्याचे काम आहे तो मोजून घेईल. कागद यायच्या आत शिट्टी झाली असेल तर त्याबद्दल मला काही विचारायचे नाही, फक्त तू कसा आहेस ते हवे.

माझ्या अर्जात मी लिहिले आहे की कपाट डुलते. ते खरे आहे, पण आम्हाला आता सवय झाली. दार उघडले की सासूबाई ते लावून घेतात. ठोकळे जळले असतील, मोडले असतील, माळावर राहून गेले असतील तर जाऊ देत, मी ते खर्ची टाकले असे समज. साडेतीनशेच होते, आणि दार तर जुनेच होते.

पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नकोस. हाताला लागले असेल तर डाव्या हाताने लिही, वाकडे आले तरी मला वाचता येते. लांब नको, एक ओळ पुरे. सोबत तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे, त्यावर पत्ता मीच घातला आहे, तेव्हा तुला कष्ट नाहीत. तेवढे उलट टपाली कळव."